डिचोलीचे न झालेले युद्ध आणि आमचे मास्तर

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये एक नवे पान उभे राहिले. विषय होता डिचोलीचा संघर्ष. इ. स. १६४० च्या मध्यापासून १६४१ च्या सुरुवातीपर्यंत गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात उत्तर गोव्यातल्या डिचोली भागात युद्ध झाले आणि शेवटी तह झाला, अशी त्याची हकीकत. मजकूर सुमारे साडेचार हजार शब्दांचा. खाली टीपा, टीपांत ग्रंथांची नावे. दोनेक महिन्यांत त्या पानाला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला, म्हणजे कुणीतरी ते वाचून, तपासून त्यावर पसंतीची खूण केली. त्याहून वरच्या 'विशेष' दर्जासाठीही त्याचे नाव पुढे गेले होते, तो मात्र मिळाला नाही. पुढे पाच वर्षे पान तसेच राहिले.

आता चौथीचे इतिहासाचे पुस्तक वाचलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही पोराला विचारा. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मराठ्यांचे राज्य उभे राहायचे होते, साम्राज्य तर दूरच. डिचोलीचा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. महाराजांचे सैन्य बारदेशात शिरले ते १६६७ साली, आणि डिचोली पोर्तुगिजांकडे कायमची गेली ती थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. थोडक्यात, हे युद्ध झालेच नव्हते. कुणीतरी घरबसल्या रचले होते.

डिसेंबर २०१२ मध्ये एका सदस्याने साधी गोष्ट केली. टीपांत दिलेली पुस्तके शोधायला घेतली. ती सापडेनात, कारण ती छापलीच गेली नव्हती. त्याने पान वगळण्यासाठी मांडले, चर्चा झाली आणि महिनाअखेर पान गेले. जाईपर्यंत त्याच्या नकला इतर ठिकाणी पोचल्या होत्या, त्या मात्र पुसणार कोण?

मी ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आले नाही, राग आला. त्याला कारण होते. मी स्वतः लिहिलेले एक पान, खऱ्या माणसावरचे, आठवड्याभरात वगळले गेले होते. खोट्या युद्धाला पाच वर्षे आणि खऱ्या मास्तरांना सात दिवस, हा हिशेब मला पटेना. पुढे कळले की हिशेबात माझीही चूक होती. ते सांगण्याआधी पाने वगळतात कशी, ते पाहू. लोकांना वाटते की कुठेतरी एक संपादक बसलेला असतो आणि तो खोडतो. तसे नाही.

इंग्रजी विकिपीडियावर याच्या तीन वाटा आहेत. पहिली तातडीची. शिवीगाळ, निरर्थक अक्षरे, उघड जाहिरात, दुसऱ्याच्या पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला मजकूर, अशा ठरलेल्या कारणांपैकी एखादे लागू पडले की प्रचालक चर्चा न करता पान काढतो. दुसरी वाट सूचनेची. पानाच्या माथ्यावर 'हे वगळावे असे वाटते' अशी चिठ्ठी लावायची. सात दिवस कुणी हरकत घेतली नाही तर पान जाते. ही चिठ्ठी कुणीही काढू शकतो, ज्याने पान लिहिले तोसुद्धा, आणि एकदा काढली की ती वाट बंद. तिसरी वाट चर्चेची, आणि खरी गंमत तिथे आहे. पान चर्चेला टाकले की साधारण सात दिवस कुणीही येऊन मत देतो: ठेवा, वगळा, दुसऱ्या पानात विलीन करा. मात्र शेवटी मते मोजत नाहीत. चर्चेत भाग न घेतलेला एखादा प्रचालक सगळे वाचतो आणि कुणाच्या म्हणण्याला नियमाचा व पुराव्याचा आधार आहे ते पाहतो. वीस जणांनी नुसते 'ठेवा' लिहिले आणि एकाने आधार नसल्याचे दाखवून दिले, तर त्या एकाचे पारडे जड होऊ शकते. एकमत झालेच नाही तर पान राहते. निकाल चुकला असे वाटले तर त्यावर फेरविचारही मागता येतो. सुरुवातीला या चर्चेच्या नावात 'मतदान' हा शब्द होता, तो २००५ साली बदलला.

चर्चेतला कळीचा शब्द उल्लेखनीयता. माणूस मोठा होता का, चांगला होता का, हा प्रश्नच नसतो. त्याच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा प्रकाशनांनी त्याच्याबद्दल पुरेसे लिहिले आहे का, एवढेच विचारतात. नातवाने काढलेली स्मरणिका चालत नाही, संस्थेचा स्वतःचा अहवाल चालत नाही. यावरून तिकडे दोन तट आहेत. जागेची अडचण नाही तर राहू द्या, असे म्हणणारा एक, आणि पडताळता येणार नाही ते नको म्हणणारा दुसरा. दुसऱ्या तटाला बळ देणारी घटना २००५ सालचीच. जॉन सिगेनथॅलर या अमेरिकी पत्रकारावरच्या पानात कुणीतरी लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते चार महिन्यांहून जास्त काळ तसेच राहिले. सिगेनथॅलर तेव्हा हयात होते आणि पूर्वी रॉबर्ट केनेडींचे सहायक होते. मग त्यांनीच वृत्तपत्रात लेख लिहून जाब विचारला. त्यानंतर जिवंत माणसांवरच्या पानांचे नियम कडक झाले.

वगळलेले पान नष्ट होत नाही, हे फार जणांना ठाऊक नसते. ते वाचकांपुरते झाकले जाते. प्रचालकांना ते दिसते, परत आणता येते, आणि कुणी, कधी, कोणत्या कारणाने वगळले याची नोंद सर्वांसाठी उघडी राहते. माझे खते-बियाण्यांचे दुकान आहे. उधारी फिटली की मी वहीतल्या नावावर काट मारतो, पान फाडत नाही. काटेखालचे अक्षर वाचता आले पाहिजे, हा नियम माझ्या वडिलांचा. त्यामुळे ही पद्धत मला परकी वाटली नाही.

आणि खरे सांगायचे तर आपल्या वऱ्हाडाला ती मुळीच परकी नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आता मराठी भाषा विद्यापीठामुळे सर्वांना माहीत झाले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे म्हाइंभट्टांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जाऊन विचारायचे, ऐकलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवायचे आणि मग लिहायचे, अशी ती रीत परंपरा सांगते. 'लीळाचरित्र' असे उभे राहिले. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ज्यांना पाठ होते त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा लिहावी लागली. साहजिकच आठवणींत फरक पडले. त्या माणसांनी काय केले? एक पाठ ठेवून बाकीचे पुसले असते तर कुणी विचारणारे नव्हते. पण अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, हे फरक त्यांनी नावानिशी नोंदवले. महानुभाव पोथ्यांत अशा पाठभेदाला 'वासना' म्हणतात. विदर्भात ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या, तेव्हा त्यांच्यापुढे हे सगळे थर होते.

ही तुलना मी ताणत नाही. रिद्धपूरची मंडळी एका श्रद्धेने बांधलेली होती, सांगणारा कोण हे त्यांना ठाऊक होते, आणि सांगणाऱ्याचा शब्द हाच पुरावा होता. विकिपीडियावर लिहिणारा कोण हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून छापील पुरावा लागतो. डिचोलीचे युद्ध रचणारा माणूस रिद्धपुरात उभा राहिला असता तर पहिला प्रश्न आला असता, तुला कुणी सांगितले?

छापील कोशाची तऱ्हा आणखी वेगळी. श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले रायपूरला, १८८४ मध्ये, पण त्यांचे शालेय शिक्षण आमच्या अमरावतीत झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून ते पदवी न घेताच बाहेर पडले, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जाऊन डॉक्टरेट मिळवून परतले, आणि 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चा संकल्प सोडला. नागपुरात ज्ञानकोश मंडळ कंपनी म्हणून उभे केले, भाग विकले, वर्गणीदार जमवले. पुढे काम पुण्याला हलले. एकूण २३ खंड, त्यांतले पहिले पाच प्रस्तावनेचे, शेवटी सूची आणि हिंदुस्थान खंड. या कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी नंतर 'महाराष्ट्र शब्दकोश' केला. कामाचा जमाखर्च केतकरांनी 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकात मांडला आहे, तो कोश करू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. पैशाची ओढाताण कोशाचा आकार कशी ठरवते, हे त्यात कळते.

केतकरांच्या कोशातही वगळणे होतेच. फरक एवढा की ते छापण्याआधी झाले. कोणते गाव घ्यायचे, कोणता माणूस सोडायचा, हे कार्यालयातल्या टेबलावर ठरले आणि सोडलेल्या नोंदींची यादी वाचकापर्यंत कधी आली नाही. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. तिथे विषयवार नोंदींच्या याद्या तज्ज्ञांकडून करवून घेतल्या, शब्दमर्यादा ठरवल्या, पहिला खंड आला १९७६ मध्ये. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. तरीही यादीतून एखादे नाव का गळले, हे विचारायला वाचकाकडे जागा नव्हती. मुक्त ज्ञानकोशात निदान भांडण उघड्यावर होते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, महाराष्ट्र दिनी. सुरुवातीच्या लेखांत बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवरचा लेख होता, हे मला फार आवडते. तिथल्या लोकांनी शब्दही आपले घेतले आहेत. सर्वसाधारण चर्चेच्या जागेला 'चावडी' म्हणतात, मत घ्यायचे असेल तर 'कौल' लावतात. (कोकणातले देवाला कौल लावतात. आमच्या वऱ्हाडात ती रीत नाही, पण शब्द कळतो.) जे पान वगळावे असे वाटते त्यावर 'पानकाढा' नावाचा साचा चिकटवतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तणनाशकाचेच नाव वाटले. इंग्रजीत चर्चेला शेकडो हात असतात, मराठीत नियमित लिहिणारे थोडे आणि प्रचालक त्याहून थोडे. त्यामुळे नियम तेच असले तरी चावडीवर कधी कधी तीन माणसे बसलेली असतात, आणि एखाद्या पानाचे काय होणार हे त्या दिवशी कोण बसले आहे यावरही अवलंबून राहते. बाजारपेठेच्या गावातला आणि पाचशे उंबऱ्यांच्या गावातला हा फरक आहे. पाचशे उंबऱ्यांच्या गावात निवाडा वाईटच होतो असे मात्र कुणी समजू नये.

आता मास्तरांविषयी. त्यांचे नाव इथे देत नाही. का, ते पुढे कळेल.

आमच्या तालुक्यातल्या एका गावी ते प्राथमिक शिक्षक होते. दिवसा शाळा, आणि कापसाचा हंगाम सरला की जिनिंगमधल्या मजुरांसाठी रात्रशाळा. स्वतःच्या घराच्या ओसरीत त्यांनी वाचनालय चालवले. पंचक्रोशीतली निदान दोन पिढ्यांची माणसे त्यांच्या कंदिलाखाली शिकली. एका मुक्त ज्ञानकोशावर मी त्यांचे पान केले, तीन रात्री जागून. जन्मतारीख दिली, कार्य दिले, '१९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास' असेही लिहिले. आधार म्हणून त्यांच्या जन्मशताब्दीची स्मरणिका. चौथ्या दिवशी माथ्यावर चिठ्ठी लागली: स्वतंत्र संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. मी चर्चापानावर जे लिहिले ते आज वाचताना लाज वाटते. वऱ्हाडावर नेहमीच अन्याय होतो, पुण्यामुंबईच्या शिक्षकांची पाने कशी चालतात, वगैरे. समोरच्याने शांतपणे एकच विचारले: तुरुंगवासाचा संदर्भ द्याल का? मी दिला नाही. पान गेले.

त्या रागात मी संदर्भ शोधायला निघालो, दाखवूनच देतो म्हणून. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात जुनी वर्तमानपत्रे चाळली, अमरावतीला खेपा घातल्या. स्वातंत्र्यसैनिकांच्या छापील यादीत मास्तर नव्हते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची जन्मतारीख स्मरणिकेपेक्षा दोन वर्षांनी वेगळी निघाली. आणि १९४२ च्या पूर्ण वर्षात हजेरीपटावर त्यांची सही होती, एकही महिना रिकामा नाही.

शेवटी त्यांच्या रात्रशाळेतले एक विद्यार्थी भेटले. नव्वदीच्या घरात, कान शाबूत. मी विचारले, "आजोबा, मास्तर बेचाळीसमध्ये जेलात गेले होते ना?" ते बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, "जेलात जात होते हे खरं हाय बाप्पा. पन कैद्यायले शिकवाले जात होते. दर आयतवारी. सायकलनं."

एका क्रियापदाने घोटाळा केला होता. 'मास्तर जेलात जात' याचे कुणाच्या तरी भाषणात 'मास्तर जेलात गेले' झाले, भाषणातून ते स्मरणिकेत आले, स्मरणिकेतून माझ्या पानावर. ते पान राहिले असते तर तिथून वर्तमानपत्रात गेले असते, आणि मग वर्तमानपत्राचा हवाला देऊन पुन्हा पानावर आले असते, या वेळी रीतसर संदर्भासह. डिचोलीचे युद्ध रचणाऱ्याने ते जाणूनबुजून केले. मी प्रेमापोटी केले. पाच वर्षांनंतरच्या वाचकाला दोन्ही पाने सारखीच दिसली असती.

म्हणून मी वगळणाऱ्याच्या बाजूचा झालो असे मात्र नाही. कैद्यांना शिकवायला दर रविवारी सायकलने जाणारा शिक्षक, ही गोष्ट तुरुंगवासापेक्षा मला मोठी वाटते, आणि तिलाही छापील संदर्भ नाही. डोना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने परत पाठवला, दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही म्हणून. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झाले आणि त्यांचे पान उभे राहिले. तपासणाऱ्याने नियम मोडला नव्हता. जगाने त्यांच्याबद्दल लिहिलेच कमी होते. कॅनडाच्या विद्यापीठातल्या बाईंची ही गत, तर अकोला जिल्ह्यातल्या रात्रशाळेची काय असणार? यादव माधव काळे यांनी 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ साली लिहिला. त्यानंतर तालुक्या-तालुक्याचा इतिहास कुणी तितक्या नेटाने लिहिला असता तर आज पानाखाली टीप द्यायला काहीतरी असते. मराठी विकिपीडियावर आपल्या भागातल्या गावांची पाने उघडून बघा. बऱ्याच पानांवर हवामानाची तीच ती ठरावीक वाक्ये आहेत. ती पाने वगळली जात नाहीत, कारण गाव जनगणनेच्या यादीत असते. गावात कोण राहून गेले ते कुठल्याच यादीत नसते.

मास्तरांच्या वाचनालयाची अभिप्राय-वही त्यांच्या सुनेने जपून ठेवली आहे. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण अक्षर वाचता येते. दाखल-खारीज रजिस्टराची मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्यानिशी नक्कल दिली. आजोबांचे बोलणे मी ध्वनिमुद्रित केले, दोन बैठकी, आणि तारीख घालून उतरवून काढले. स्मरणिका काढणाऱ्या मंडळींना जाऊन चूक सांगितली. त्यातले एक जण माझ्याशी अजून बोलत नाहीत. मास्तरांच्या घरच्यांनी म्हटले आहे की सगळे पडताळून होईपर्यंत नाव छापू नका, आणि ते मला मान्य आहे. तुरुंगाच्या जुन्या कागदांत शिक्षकांच्या येण्या-जाण्याची काही नोंद असेल तर पाहायची आहे. त्यासाठी अर्ज दिला आहे. उत्तर यायचे आहे.